मालकी हिवाळ्यात कळते

मागच्या ऑक्टोबरच्या अखेरीस डेट्रॉइटजवळच्या आमच्या घरी सात-आठ जण जेवायला जमलो होतो. त्यात विदर्भातून आलेला एक तरुण होता. वडील एसटीत वाहक, आई अंगणवाडी सेविका. हा इथे एम.एस. झाला, नोकरीला लागला आणि उन्हाळ्यात त्याने एक वापरलेली, २०१५ सालची फोर्ड मस्टँग जीटी विकत घेतली. पाच लिटरचे व्ही-८ इंजिन, ४३५ अश्वशक्ती आणि ती सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर. जेवण झाल्यावर त्याने सहज विचारले, "दादा, हिवाळ्यात ही गाडी ठेवायची कशी?"

प्रश्न साधा होता, उत्तरे मात्र साधी आली नाहीत. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "चळवळीतल्या पोराला असली गाडी हवीच कशाला?" दुसरा एक मित्र म्हणाला, "घेतलीस ना? मग चालव बिनधास्त. झाकून ठेवायला घेतली का?" पुढे अर्धा तास या दोघांचा वाद चालला आणि पोराचा प्रश्न तसाच राहिला.

माझे म्हणणे असे की हे दोघेही चुकले. पहिल्याने त्याचा आनंद नाकारला, दुसऱ्याने त्याची जबाबदारी. गाडी घेणे हा त्याचा हक्क आहे, पण गाडीचा मालक तो शोरूममध्ये किंवा बँकेत होत नाही. मिशिगनसारख्या ठिकाणी तो नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत होतो किंवा होत नाही. मी या भागात नऊ हिवाळे काढले आहेत आणि असल्याच एका गाडीचा पहिला हिवाळा स्वतःच्या अज्ञानाने वाया घालवला आहे. म्हणून हा लेख.

आधी पहिल्या आक्षेपाबद्दल

"आपल्याला कशाला हवी असली चैन?" हा प्रश्न आपल्या लोकांना नेहमी विचारला जातो. बाहेरचे विचारतातच, पण आपलेही विचारतात. ज्याच्या आजोबांना गावातल्या गाडीवानाने गाडीत बसू दिले नाही, त्याच्या नातवाने स्वतःच्या पगारातून वेगवान गाडी घेतली तर त्याला लाज वाटायचे काही कारण नाही. गरिबी हे काही आपले व्रत नव्हते. ती लादलेली होती.

पण वाहन आणि प्रतिष्ठा यांचा विषय निघालाच आहे तर बाबासाहेबांचा चाळीसगावचा अनुभव आठवावा. १९२९ साली मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून ते धुळ्याकडून परतताना चाळीसगावला उतरले. एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. पाहुण्याने पायी चालत जाणे वस्तीतल्या लोकांना त्यांच्या प्रतिष्ठेला शोभणारे वाटेना. मग टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला बसला तो ज्याला टांगा हाकण्याचा सरावच नव्हता. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. त्यात टांगेवाल्यांच्या जातीय अहंकाराचा हिशेब आहे. शिवाय प्रतिष्ठा राखण्याच्या भरात प्रवाशाच्या सुरक्षिततेचा विसर पडला, हेही त्यांनी आपल्याच लोकांबद्दल, प्रेमाने पण स्पष्टपणे नोंदवले आहे.

मला यातून आजच्यासाठी एवढेच घ्यायचे आहे. प्रतिष्ठेसाठी वाहन घ्यावे, जरूर घ्यावे. पण वाहन हाकण्याचे आणि राखण्याचे ज्ञान सोबत नसेल तर तीच प्रतिष्ठा आपल्याला फरशीवर आपटते. "चालव बिनधास्त" म्हणणाऱ्या मित्राला माझे पहिले उत्तर हे आहे.

वेगवान गाडी हिवाळ्यात का चालत नाही?

दुसरे उत्तर तांत्रिक आहे. अशा गाड्यांना बऱ्याचदा उन्हाळी टायर असतात. त्यांचे रबर गरम रस्त्याला चिकटावे म्हणून बनवलेले असते. तापमान साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की हे रबर कडक होऊ लागते आणि पकड सुटते. कोरडा रस्ता असला तरी सुटते, बर्फाची गरज नाही. गोठणबिंदूच्या बरेच खाली गाडी नुसती हलवली तरी काही उन्हाळी टायरांच्या रबराला चिरा पडू शकतात, म्हणून टायर कंपन्याच तशी सूचना देतात. डेट्रॉइटमध्ये जानेवारीच्या रात्रीचे सरासरी किमान तापमान उणे ७ अंशांच्या आसपास असते आणि थंडीची लाट आली की ते आणखी बरेच खाली जाते. अशा हवेत ४३५ अश्वशक्ती मागच्या दोन कडक टायरांवर सोडली तर काय होईल, हे सांगायला अभियंता लागत नाही.

"मग हिवाळी टायर घालू." घालता येतात आणि कित्येक जण तसे करून वर्षभर गाडी चालवतातही. पण टायर फक्त पकडीचा प्रश्न सोडवतात. दुसरा शत्रू खालून येतो. तो म्हणजे मीठ.

मीठ बर्फाचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून बर्फ पडायच्या आधी आणि पडल्यावर रस्त्यावर टनावारी मीठ पसरले जाते. गंमत अशी की हे मीठ डेट्रॉइटच्या पोटातच आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या आटलेल्या समुद्राचे थर शहराखाली हजार फुटांहून खोल पसरलेले आहेत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे खाण चालू आहे. वर मोटारी बनवणारे शहर, खाली मोटारी खाणारे मीठ. पाण्यात विरघळलेले क्लोराइड लोखंडाचा गंज झपाट्याने वाढवते. ते ब्रेकच्या नळ्यांवर बसते, सांध्यांत शिरते, बोल्ट असे पकडून ठेवते की पुढे पान्याने फिरत नाहीत, तुटतात. वरचा रंग चकाकत असतो आणि खालून गाडी सडत असते. वापरलेली गाडी घेताना जाणता माणूस आधी गाडीखाली वाकून बघतो, ते याचसाठी.

म्हणून पहिले मीठ पडायच्या आधी गाडी आत घ्यायची. इथे त्याला साधारण नोव्हेंबर उजाडतो.

आत घ्यायची म्हणजे काय करायचे?

गाडी ठेवणे म्हणजे ती दामटून गॅरेजमध्ये घुसवणे आणि दार लावणे नव्हे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी तेवढेच केले होते. मार्चमध्ये दार उघडले तेव्हा बॅटरी मेलेली, गोठून तिचे कवच फुगलेले, हँडब्रेक मागच्या चाकांना चिकटलेला आणि केबिनच्या हवेच्या फिल्टरमध्ये उंदराचे घर. दोष कोणाचाही नव्हता, माझा होता. त्यानंतर शिकलो ते क्रमाने सांगतो.

एक, गाडी धुवायची, खालूनसुद्धा, आणि पूर्ण कोरडी करायची. मेण लावायचे. ओली गाडी झाकून ठेवली तर आपणच गंजाची सोय करतो. झाकायला प्लास्टिक वापरायचे नाही, श्वास घेणारे कापडी आवरण हवे.

दोन, ठेवायच्या आधी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलायचा. वापरलेल्या ऑइलमध्ये जळणातून आलेले आम्ल आणि पाणी असते. ते चार-पाच महिने इंजिनच्या आत ठेवण्यात शहाणपण नाही. "वसंतात बदलू" हा आळस आहे.

तीन, पेट्रोलची टाकी जवळजवळ भरायची. इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढते. रिकामी जागा जितकी कमी, तितकी ओलसर हवा कमी. टाकीत स्टॅबिलायझर घालून दहा मिनिटे गाडी चालवायची, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचते.

चार, कूलंट तपासायचे. पाणी आणि ग्लायकोल निम्मे-निम्मे असेल तर ते सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत तग धरते. कोणी पूर्वी नुसते पाणी भरले असेल तर ते गोठेल, प्रसरण पावेल आणि इंजिनला तडा जाऊ शकेल. वापरलेली गाडी घेतलेल्याने हे गृहीत धरू नये.

पाच, बॅटरी. गाडी बंद असली तरी तिचे घड्याळ, चोरीची घंटा, संगणक थोडी थोडी वीज पीत असतात. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण पूर्ण उतरलेली उणे ७-८ लाच गोठते. म्हणून बॅटरी जपणारा छोटा चार्जर हिवाळाभर जोडून ठेवायचा. बॅटरी भरली की तो आपोआप थांबतो.

सहा, टायर. हवा थोडी जास्त भरायची, टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. थंडीत हवेचा दाब आपसूक उतरतो, दर साडेपाच अंशांना सुमारे एक पीएसआय. कमी हवेवर महिनोन्महिने एकाच जागी वजन पडले की टायर चपटा होतो आणि चाक फिरताना थडथडते.

सात, हँडब्रेक ओढून ठेवायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना ठोकळे लावायचे.

आठ, उंदीर. धुराड्याच्या नळीत तारेची घासणी कोंबायची, गाडीत खाण्याचा एक कणही ठेवायचा नाही, आजूबाजूला सापळे लावायचे. आणि घासणी कोंबली आहे अशी चिठ्ठी स्टिअरिंगला बांधायची. वसंतात माणूस उत्साहात असतो, विसरतो.

नऊ, आणि इथेच बहुतेक जण फसतात. दर रविवारी जाऊन पाच मिनिटे इंजिन चालू करायचे नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. इंजिन नीट तापले तर ते वाफ होऊन बाहेर जाते. पाच मिनिटांत ते तापत नाही, पाणी आतच राहते, ऑइलमध्ये आणि धुराड्यात. काळजी घेतल्याचे समाधान मिळते, गाडीचे नुकसान होते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवणे तर जिवावरचेच, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपवलेली गाडी झोपू द्यावी.

आता हिशेब

त्या पोराने गाडीचा महिन्याचा हप्ता मोजला होता. उरलेले मोजले नव्हते. गाडी आत ठेवायची तर नोकरीवर जायचे कसे? डेट्रॉइटच्या उपनगरांत बस तुटपुंजी आहे. म्हणजे हिवाळ्यासाठी दुसरी, जुनी, साधी गाडी हवी. तिचा विमा वेगळा, तिची दुरुस्ती वेगळी. घरात गॅरेज नसेल तर गाडी ठेवायला भाड्याची जागा. गाडी उभी असताना विम्यातला रस्त्यावरच्या अपघाताचा भाग कमी करून चोरी, आग, नुकसान एवढाच विमा ठेवता येतो, पण गाडीवर कर्ज असेल तर बँक पूर्ण विमाच मागते. म्हणजे कर्जाची गाडी पाच महिने उभी आहे आणि हप्ता व विमा दोन्ही धावत आहेत.

जर्मनीत यासाठी चांगली सोय आहे. तिथे १९९७ पासून हंगामी नंबरप्लेट मिळते. गाडी कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत रस्त्यावर येणार, ते प्लेटच्या कडेलाच छापलेले असते आणि कर त्याच महिन्यांचा लागतो. हंगामाबाहेर ती गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. म्हणजे अशी प्लेट घेणाऱ्या मालकाला आधीच ठरवावे लागते की हंगामाबाहेर ती गाडी कुठे राहील. तुमच्या देशात अशी प्लेट असो वा नसो, हा प्रश्न मात्र सही करायच्या आधी स्वतःला विचारावा: वर्षातले जे महिने ही गाडी मला काहीच देणार नाही, त्या महिन्यांत तिला द्यायला माझ्याकडे जागा, पैसा आणि वेळ आहे का?

उत्तर "नाही" असेल तर गाडी वाईट नाही, वेळ चुकीची आहे. दोन वर्षे थांबावे. गावी घराचे काम अर्धे असताना, धाकट्या बहिणीची फी भरायची असताना फक्त फोटोसाठी काढलेले कर्ज हा काही स्वाभिमान नाही. तो सावकाराचा विजय आहे, फक्त सावकाराने सूट घातला आहे.

हात काळे करण्याबद्दल

वर सांगितलेली जवळपास सगळी कामे स्वतः करता येतात. पण आपल्यातले नव्याने सुशिक्षित झालेले काही जण इथेही अडतात. भारतात सोसायटीतली गाडी पहाटे कोण धुते? रखवालदार, नाही तर त्याच्या घरातला कोणी. गाडीचा मालक तिला हात लावतो तो फक्त दार उघडायला. हातांनी काम करणारा खालचा आणि करवून घेणारा वरचा, हा जातीचाच धडा आहे, आणि शिकून मोठे झाल्यावर तो आपणच गिरवू लागलो तर मग आपण बदलले काय?

मी गाडीखाली आडवा होऊन पहिल्यांदा ऑइल काढले तेव्हा ते कोपरापर्यंत आले. माझी मुलगी टॉर्च धरून शेजारी बसली होती. आज ती स्वतः टायरची हवा तपासते. इंजिनिअरची पदवी भिंतीवर आहे, पण पाना कोणत्या बाजूला फिरवायचा ते तिने मला गाडीखाली पाहून शिकले. ज्या वस्तूचे आतले काम तुम्हाला कळते, ती वस्तू तुम्हाला सहज फसवत नाही. आणि तिच्या नावाने दुसराही कोणी फसवत नाही.

लोखंडाची काळजी, माणसाची काळजी

तरीही एक इशारा द्यायला हवा. यंत्राची काळजी घेणारा समाज माणसाची काळजी घेतोच असे नाही. डेट्रॉइटहून तासाभराच्या अंतरावर फ्लिंट आहे. ते जनरल मोटर्सचे जुने शहर असून तिथे कृष्णवर्णीयांची बहुसंख्या आहे. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी तिथला पाणीपुरवठा फ्लिंट नदीवर वळवला गेला. त्या पाण्यात क्लोराइड जास्त होते आणि गंजरोधक प्रक्रिया केली गेली नव्हती. काही महिन्यांत इंजिन कारखान्यातले भाग गंजू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये कारखान्याने ते पाणी सोडून दुसरे घेतले. लोक मात्र तेच पाणी पीत राहिले. जुन्या नळांतले शिसे मुलांच्या शरीरात जात राहिले. पाणी बदलले गेले ऑक्टोबर २०१५ मध्ये.

इंजिनचा गंज लगेच दिसला. आयांनी बाटल्यांत भरून आणलेले तपकिरी पाणी दिसायला वर्ष लागले. पाण्याचा प्रश्न म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. म्हणून गाडीच्या तळाला लागलेला मिठाचा डाग ज्या नजरेने शोधता, तीच नजर आपल्या वस्तीच्या नळावर, शाळेवर, दवाखान्यावर असू द्या. नाही तर आपणही त्या कारखान्यासारखेच: यंत्र वाचवले आणि शेजारी विसरलो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे बर्फ पडतो? नाही पडत. पण मुंबई-कोकणात पावसाळा पडतो, आणि हप्त्यावर घेतलेली महागडी दुचाकी जून ते सप्टेंबर इमारतीखाली भिजत उभी असते. साखळी गंजते, बॅटरी उतरते, ओल्या प्लास्टिकखाली टाकीचे झाकण लाल होते आणि हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला जातो. नियम तोच. कोरडी करून ठेवा, साखळीला ऑइल द्या, बॅटरी काढून घरात ठेवा, टाकी भरा. आणि घ्यायच्या आधी त्या चार महिन्यांचा हिशेब करा.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर तो तरुण मागे थांबला. आम्ही गॅरेजमध्ये जाऊन एका कागदावर वरची यादी लिहिली. पुढच्या शनिवारी तो जुने कपडे घालून आला आणि आम्ही दोघांनी मिळून त्याची गाडी झोपवली. जे ज्येष्ठ सहकारी "कशाला हवी" म्हणाले होते, तेही आले. तेच ठोकळे घेऊन आले, त्यांनी स्वतः रंधा मारलेले.

एप्रिलमध्ये पहिल्या दोन पावसांनी रस्त्यावरचे मीठ धुवून नेले, तेव्हा आम्ही आवरण काढले. चिठ्ठी वाचली, धुराड्यातली घासणी काढली. ऑइल, कूलंट, ब्रेक, टायर पाहिले. त्याने बटण दाबले आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तो मला म्हणाला, "दादा, आता वाटतंय ही माझी आहे."

कर्जाचे अजून तीस हप्ते बाकी होते. तरी त्याचे म्हणणे खरे होते.